वरीलप्रमाणे

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं शिलाई मशीन अडलं तरी आणि कुणाचं शेजाऱ्याशी अडलं तरी दारात एकच माणूस यायचा. मशीनवाले. उंचीला बेताचे, चाल झपझप, खांद्याला कातडी पिशवी. पिशवीत तेलाची बुधली, पेचकस, सुया, बॉबिनी. पण वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात, त्याच पिशवीच्या आतल्या कप्प्यात शंभरेक बिल्ले खुळखुळायचे.

बिल्ल्यांचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची मंडळी जुनी प्रेसबिटेरियन. इथे पाळक, म्हणजे पाद्री, एकटा कारभार करत नाही. मंडळी मतं देऊन पाच जण निवडते, त्यांना वडील म्हणतात, आणि पाळक नि हे पाच मिळून सगळं ठरवतात. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायला, टेबलाशी बसायचं तर हातात बिल्ला हवा. शिशाचा, गोल, रुपयापेक्षा थोडा मोठा. तो आयता मिळत नाही. प्रत्येक वडिलाकडे वीस-पंचवीस घरं वाटून दिलेली. तो घरोघर जातो आणि एकच प्रश्न विचारतो, "कुणाशी वाकडं आहे का?" नाही म्हटलं की बिल्ला हातात. आहे म्हटलं की वहीत नोंद, आणि भांडण मिटेपर्यंत रविवारी मागच्या बाकावर बसायचं. बाकी मंडळ्यांनी ही रीत केव्हाच सोडली. आमच्याकडे राहिली, कारण सोडायची तर ठराव करावा लागतो, आणि ठरावाला सूचक मिळतो तेव्हा अनुमोदक मिळत नाही.

आता खरं सांगायचं तर सगळे "नाही"च म्हणत. सकाळी नळावर एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या बायासुद्धा संध्याकाळी पदराला हात पुसत म्हणायच्या, "आमचं मेलं कुणाशी वाकडं असणार?" मशीनवाले नुसतं बघायचे. बिल्ला द्यायचे. मग त्या घरातलं मशीन पुढे यायचं. "आलाच आहात तर बघा की, टाका सोडतंय." मशीनवाले मान हलवायचे. "आज नाही. आज बिल्ल्यांसाठी आलोय. उद्या या कामाला येतो." एका फेरीत दोन कामं करायची नाहीत असा त्यांचा नेम. त्यांची बायको, मशीनवाली काकू, म्हणायची, "ह्यांच्या डोक्यात कप्पे आहेत. एक उघडला की दुसरा आपोआप बंद."

त्यांना एकच बहीण, थोरली. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, वेताच्या खुर्च्या विणून पोट भरायची. सगळा गाव तिला खुर्चीवाली ताई म्हणायचा. दोन चौक पलीकडे तिचं घर, मागे छोटं अंगण, आणि त्या अंगणात बसून ती काम करायची. वेताची पट्टी भिजवायची, भोकातून ओवायची, खुंटी ठोकायची. या कामाला उजेड लागतो, आणि दिव्याचा चालत नाही. दिव्याखाली पट्टीची उलटी बाजू सुलट दिसते आणि विणलेलं सगळं उसवावं लागतं.

तिच्या शेजारी फोटोवाला. तोही आमच्याच मंडळीचा. त्याने दुकानावर मजला चढवला आणि ताईच्या अंगणाच्या अंगाला भिंत सहा हात उंच गेली. नगरपालिकेची परवानगी रीतसर, जागा त्याची, सगळं कागदोपत्री. फक्त ताईचा उजेड गेला. सकाळी अकरा वाजताच तिच्या अंगणात सावली उतरायची. ती खुर्ची घेऊन रस्त्याच्या पायरीवर बसायला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत.

त्याच वर्षी बिल्ल्यांची फेरी आली. दोन्ही घरं मशीनवाल्यांच्याच वाटणीची. फोटोवाला हसत म्हणाला, "माझं कुणाशी काही नाही, काका." बिल्ला घेतला. मशीनवाले पुढच्या दाराशी गेले.

"ताई, कुणाशी वाकडं आहे का?"

"आहे."

मशीनवाल्यांनी वही काढलेली, पेन्सिल कानावरून हातात. ते तसेच थांबले. त्या फेऱ्यांच्या सगळ्या वर्षांत हा शब्द त्यांनी बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकला असेल.

"फोटोवाल्याशी?"

"मग आणखी कुणाशी असणार, धाकट्या? भिंत त्याचीच ना?"

"'नाही' म्हणाली असतीस तर?"

"तू मला खोटं बोलायला शिकवतोयस का? लहानपणी मी तुला त्यासाठीच मारलं होतं."

मशीनवाल्यांनी लिहिलं : शेजारी फोटोवाल्याशी, भिंतीवरून. बिल्ला पिशवीत परत गेला.

आता वडिलाचं काम इथे संपत नाही. नियम असा की त्याने दोघांना एका खोलीत बसवायचं, बोलणं करून द्यायचं, मिटवायचं. दुसरं कुणी असतं तर मशीनवाल्यांनी ते केलं असतं. पण ही सख्खी बहीण. लोक म्हणतील, पिशवीतल्या बिल्ल्यांच्या जोरावर बहिणीसाठी भिंत पाडून घेतली. म्हणून ते मधे पडलेच नाहीत. काकूने विचारलं तर म्हणाले, "माझ्या हातात वही आहे, म्हणूनच मला बोलता येत नाही." काकू म्हणाली, "मग वही ठेवा जरा चुलीवर." त्यावर ते जेवणावरून उठले.

सहा महिन्यांनी पुन्हा फेरी. "ताई, वाकडं आहे का?" "आहे." मशीनवाल्यांनी आधीच्या ओळीखाली लिहिलं : वरीलप्रमाणे. पुढल्या वेळी पुन्हा आहे, पुन्हा वरीलप्रमाणे. अशा सहा फेऱ्या झाल्या, तीन वर्षं. ताई रविवारी मागच्या बाकावर एकटी बसायची, टेबलाकडे तोंड करून, हात मांडीवर. उपासना संपली की भावाच्याच घरी जेवायला यायची. काकूशी गप्पा, भावाला वाढायची. बिल्ल्याचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

सहाव्या फेरीला दिवेलागणीची वेळ होती. ताई दाराशी खुर्चीच्या भोकांतली जुनी काडी टोचून काढत होती.

"बस की जरा," ती म्हणाली.

"अजून नऊ घरं आहेत. वाकडं आहे का?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. टोचा हातात तसाच.

"आहे. लिही."

त्यांनी लिहिलं. लिहितानाच पाय दुसऱ्या घराकडे वळलेला. ताई म्हणाली, "अक्षर बिघडलं तुझं." ते "हं" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर चार महिन्यांनी, भर दुपारी, खुर्ची विणता विणताच ताई गेली. कळ नाही, हाक नाही. मंडळीने चांगली मूठमाती दिली. मशीनवाले रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी शिंपिणीच्या घरी मशीनचं शटल बसवायला गेले आणि दोनदा उलटं बसवलं.

दोन महिन्यांनी बिल्ल्यांचे दिवस आले. फेरीआधी वडीलमंडळाची बैठक असते आणि तिथे पाळक तोच प्रश्न पाचही वडिलांना विचारतात. लोकांना विचारायचं तर आधी स्वतः उत्तर द्यायला हवं म्हणून. हा प्रकार चहा येईपर्यंत उरकतो. पाळक विचारतात, हे पाच जण "नाही, नाही, नाही" म्हणत जातात, हजेरी दिल्यासारखं. मशीनवाले तिसरे.

"आहे," ते म्हणाले.

चौथ्या वडिलाने सवयीने "नाही" म्हणूनही टाकलं होतं.

"कुणाशी, मशीनवाले?" पाळकांनी विचारलं. पाळक तिशी-पस्तिशीचे, शहरातून आलेले, भले माणूस.

"ताईशी."

"अहो, पण ताई तर…"

"म्हणूनच. ती सहा वेळा मागे बसली, मी सहा वेळा नुसतं लिहिलं. ती तशीच गेली. माझ्या पोटात तिच्याबद्दल राग पण आहे. एक 'नाही' म्हणाली असती, सगळे म्हणतात तसं. हे वाकडं नाही तर काय आहे?"

पाचांतले एक वडील पोस्टमन होते, नोकरीतून निवृत्त झाले तरी सगळे त्यांना पोस्टमनच म्हणत. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि अर्धा तास पानं उलटली. जिवंत माणसाशी भांडण असेल तर चार कलमं. माणूस गाव सोडून गेला असेल तर एक कलम. मेला असेल तर काही नाही.

"सोय नाही," पोस्टमन म्हणाले.

"मग आपण असं लिहू की त्यांचं समाधान झालं," पाळक म्हणाले.

"झालेलं नाही," मशीनवाले म्हणाले. "लिहायचं तर मी म्हणालो ते लिहा."

शेवटी प्रकरण प्रेसबिटरीला, म्हणजे आमच्या वरच्या सभेला, कळवायचं ठरलं. मशीनवाल्यांची घरं पोस्टमनकडे गेली. त्या रविवारी मशीनवाले मागच्या बाकावर बसले. वरून महिन्याने पत्र आलं : स्थानिक वडीलमंडळाने आपल्या शहाणपणाने निर्णय घ्यावा. पोस्टमन म्हणाले, "म्हणजे त्यांच्याही पुस्तकात नाही."

इथपर्यंत एका माणसाचं दुखणं होतं. पुढच्या फेरीला ते पसरलं. पोस्टमन घरोघर गेले तर लोक खरं बोलायला लागले.

"वाकडं आहे का?"

"जावयाशी आहे. लिहा. आणि जरा मोठ्या अक्षरात लिहा."

दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, "माझं सासूशी आहे."

"आजी, तुमच्या सासूला जाऊन चाळीस वर्षं झाली!"

"मग काय झालं? मशीनवाल्याला चालतं, मला का नाही?"

पोस्टमन दमून घरी आले, पिशवीत निम्मे बिल्ले तसेच. दरवेळी टेबलाला चार पंगती व्हायच्या. त्या रविवारी दोन झाल्या आणि दुसरीतही खुर्च्या रिकाम्या. मागचे बाक मात्र गच्च. म्हातारी मागे बसून डोळे पुसत होती. पण गच्च बाकांवर सगळेच काही रडत नव्हते. काहींना ती मजा वाटत होती, काही एकमेकांना कोपराने ढोसत होते. एकाने तर घरूनच उशी आणली होती.

सोमवारी पाळक मशीनवाल्यांच्या दुकानात आले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, टेबलावर उघडं पडलेलं मशीन, खाली वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीने मांडलेले.

"मंडळी मोडतेय," पाळक उभ्याउभ्याच म्हणाले. "पुढच्या खेपेला पाच-दहा जण टेबलाशी बसतील. लोक तुमच्याकडे बघून करतायत. तुम्ही एकदा 'नाही' म्हणा. तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी."

"खोटं?"

"सगळं खोटं नाही. क्षमा असते, मशीनवाले. तुम्ही वहीला क्षमेच्या वर बसवताय. याला गर्व म्हणतात, हे मी तुमच्या तोंडावर सांगतो."

पाळक गेल्यावर आतून काकू आली.

"बरोबर बोलला तो पोरगा."

"पाळक आहेत ते."

"पाळक असले तरी पोरगाच आहे, आणि बरोबर बोलला. बघा, वडील म्हणून राहायचं तर यावेळी 'नाही' म्हणावं लागेल. नसेल म्हणायचं तर राजीनामा द्या आणि मोकळे व्हा. मंडळीला टांगून ठेवू नका. आणि तुमचा राग तुम्ही मेलेल्या बाईवर काढताय. भिंत बांधणारा जिवंत आहे, त्याला कधी एक शब्द बोललात?"

ते मात्र लागलं. मशीनवाले हात न पुसताच निघाले.

फोटोवाल्याच्या दुकानात एक बाई पोराला स्टुलावर बसवून पासपोर्टचा फोटो काढून घेत होती. पोर मान सरळ ठेवत नव्हतं. मशीनवाले दारातच म्हणाले, "तुझ्यामुळे माझी बहीण तीन वर्षं मागच्या बाकावर बसली."

फोटोवाल्याने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. "माझ्यामुळे?"

"भिंत कुणाची? तू हसत हसत बिल्ला घ्यायचास, 'माझं कुणाशी काही नाही काका,' आणि ती खरं बोलली म्हणून तिला नाही. आज तोंडावर सांगतो, माझं तुझ्याशी वाकडं आहे."

बाईने पोराला उचललं आणि भिंतीशी सरकली. गेली मात्र नाही.

"काका, आत या," फोटोवाला म्हणाला. "ओरडू नका. आत या."

तो त्यांना जिन्याने वरच्या मजल्यावर घेऊन गेला. खिडकीशी एक भलीमोठी चौकट उभी होती, दाराएवढी, तिच्यावर पांढरं कापड ताणून बसवलेलं. खिडकीबाहेर दोन आकडे. फोटोवाल्याने चौकट उचलून त्या आकड्यांना अडकवली, दोरी ओढून तिरकी केली. खाली ताईच्या अंगणात, जिथे सावली पसरली होती, तिथे उजेडाचा एक चौकोन पडला. दुधासारखा, कुठे झगझग नाही.

"हे रिफ्लेक्टर. पोरींच्या तोंडावर उजेड टाकायला वापरतो," फोटोवाला म्हणाला. "दीड वर्ष रोज सकाळी लावत होतो. वारा सुटला की काढायचो, संध्याकाळी आत घ्यायचो. ताई म्हणायची, सूर्यापेक्षा बरा आहे तुझा उजेड, डोळ्यावर येत नाही. या खिडकीत उभं राहून मी तिच्याशी गप्पा मारायचो. माझ्या बायकोची खुर्ची तिने फुकट विणून दिली. आमचं कधीच मिटलं होतं."

"कधी?"

"आता तारीख कोण लिहून ठेवतंय? तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं. बहीण तुमची."

मशीनवाल्यांनी फेऱ्या मोजल्या. बोटांवर नाही, ओठांतल्या ओठांत. पहिल्या तीन खऱ्या होत्या. पुढच्या तीन फेऱ्यांना ही चौकट लागलेली होती, आणि ताई "आहे" म्हणाली होती. आणि ते दरवेळी दिवेलागणीला आले होते, चौकट आत गेल्यावर.

"मग तिचं कुणाशी होतं?"

फोटोवाल्याने दोरी खुंटीला गुंडाळली. पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मला नका विचारू, काका."

"तुला बोलली ना ती?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हटलं, आपलं मिटलंय, मग मागे का बसतेस? तर म्हणाली, आहे एकाशी. म्हटलं, सांगून टाक त्याला. म्हणाली, त्याने विचारलं की सांगेन. बिल्ल्यांची पिशवी घेऊन येतो तेव्हा भावाला घरी ठेवून येतो तो."

जिन्यात ती बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, सगळं ऐकत. मशीनवाले तिच्या अंगावरून खाली उतरले. पोराच्या फ्रॉकला तेलाचा हात लागला.

त्या शनिवारी वडीलमंडळ बसलं. पाळकांना वाटलं मशीनवाले राजीनामा आणतील किंवा "नाही" म्हणतील, दोन्हीची तयारी त्यांनी ठेवली होती. मशीनवाल्यांनी राजीनामा आणलाच होता, तो आधी टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला नोंदवही हवी. माझ्या नोंदी चुकल्यात. दुरुस्त करायच्यात."

"बैठकीत वाचून सह्या झालेल्या नोंदी आहेत त्या," पोस्टमन म्हणाले. "पुसता येत नाहीत."

"पुसायच्या नाहीत. लाल शाईने रेघ मारायची, खाली बरोबर लिहायचं, पुढे कारण आणि सही. हे पुस्तकात आहे. मी बघितलंय."

पोस्टमननी पुस्तक न उघडताच मान हलवली. वही आली. मशीनवाल्यांनी पान काढलं. एका नावापुढे सहा ओळी, एक भिंतीची आणि खाली पाच वेळा वरीलप्रमाणे. शेवटच्या तीन ओळींवर त्यांनी पट्टी ठेवून लाल रेघ मारली. हात सुई बसवताना असतो तसाच स्थिर होता.

"आता काय लिहायचं?" पाळकांनी हळूच विचारलं. गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. ती जिन्यातली बाई काही मुकी नव्हती. "भावाशी, असं?"

"ते तिने सांगितलेलं नाही. फोटोवाल्याने सांगितलंय. वहीत ज्याचं त्याने सांगितलेलं लिहायचं असतं."

मशीनवाल्यांनी लिहिलं : माहीत नाही. तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा पूर्ण. मग कारणाच्या रकान्यात पेन नेलं आणि बराच वेळ थांबले. पोस्टमन खोकले. मशीनवाल्यांनी लिहिलं : विचारलं नाही. आणि सही केली.

पाळकांनी ते वाचलं. राजीनामा त्यांनी उचलला नाही, फाडलाही नाही, वहीतच ठेवला. मग, रीत म्हणून की आणखी कशासाठी कोण जाणे, त्यांनी प्रश्न विचारला.

"मशीनवाले, कुणाशी वाकडं आहे का?"

"आहे."

पुढच्या प्रभुभोजनाला टेबलाला तीन पंगती झाल्या. उशीवाला टेबलाशी बसला, म्हातारीने सासूला माफ केलं आणि तसं चारचौघांत जाहीरही केलं. फोटोवाला पहिल्या पंगतीत होता. मशीनवाले मागच्या बाकावर होते, एकटे. अजून तिथेच बसतात.